वसंत आधी डोळ्यांत उतरतो: घरच्या बागेत त्याच्या पहिल्या खुणा कशा टिपायच्या

फांदीवर पेराजवळ जो बारीक उंचवटा असतो ना, ज्यातून पुढे पान नाहीतर फूल निघतं, त्याला बागवाले डोळा म्हणतात, आणि वसंत कधी येतोय हे ज्याला हेरायचंय त्यानं सगळ्यात आधी तिथे बघावं असं माझं स्पष्ट मत आहे. कॅलेंडर नंतर, हवामानाचं अ‍ॅप त्याच्याही नंतर. पण एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण ती कळायला मला बरीच रोपं घालवावी लागली: खूण दिसली म्हणजे परवानगी मिळाली असं नसतं. डोळा फुगला की वसंत निघालाय एवढंच कळतं, रोपं बाहेर काढायची की नाही हे माती आणि रात्र ठरवते. तिघांचं एकमत झालं की कामाला लागायचं, तोवर नुसतं बघायचं, आणि खरं सांगायचं तर बघण्याचीच मजा जास्त आहे.

तर डोळे कसे बघायचे. बागेत फिरून सगळंच बघायला गेलात तर काहीच लक्षात राहत नाही, म्हणून एकच झाड धरा, पानगळ होणारं असेल तर उत्तमच, नाहीतर गुलाब तर असतोच प्रत्येकाकडे. त्याच्या दोन फांद्यांना लोकरीचा रंगीत दोरा बांधा, एक उन्हाच्या बाजूची आणि एक सावलीतली. दर दोन-तीन दिवसांनी तेवढेच डोळे बघायचे आणि मोबाईलवर फोटो काढायचा, पण फोटोत शेजारी करंगळीचं नख ठेवा. हे वेडेपणाचं वाटेल, पण नख नसेल तर डोळा फुगलाय की आपण फोन जवळ नेलाय हे नंतर अजिबात कळत नाही, माझ्याकडे असे साठ-सत्तर फोटो आहेत ज्यांचा काडीचा उपयोग नाही.

गुलाबाचा डोळा झोपलेला असतो तेव्हा तो सालीला चिकटलेली एक आडवी बारीक रेघच असते, बोट फिरवलं तरी जाणवत नाही. मग एक दिवस बोटाला काहीतरी टोचल्यासारखं लागतं, काट्यासारखं नाही, मऊ. बघितलं तर टाचणीच्या डोक्याएवढा लालसर ठिपका वर आलेला असतो. आणखी आठवड्यानं तो गव्हाच्या दाण्याएवढा होतो आणि त्याला टोक येतं. इतर झाडांमध्ये डोळ्यावर खवले असतात, तिथे खुणेची गंमत अशी की आधी खवल्यांच्या मधे फिकट रेघा दिसायला लागतात, म्हणजे आतलं फुगतंय आणि वरचं कवच त्याला पुरेनासं झालंय. त्यानंतर हिरवं टोक, आणि मग पान. हिरवं टोक सगळ्यांनाच दिसतं, आपण पकडायची ती त्या आधीची फिकट रेघ, तिथेच दोन आठवडे आधी बातमी मिळते.

पानाचा डोळा आणि फुलाचा डोळा वेगळा ओळखायला शिका. बऱ्याच फळझाडांत पानाचा सडपातळ, टोकदार, फांदीला बिलगलेला असतो आणि फुलाचा गोल गुबगुबीत. पीचवर तर बऱ्याचदा एका जागी तीन डोळे बसलेले दिसतात, कडेचे दोन जाडे फुलांचे आणि मधला बारीक पानाचा, एकदा दिसलं की मग चुकत नाही. आणि एखादी फांदी मेलीय की झोपलीय अशी शंका आली तर नखानं साल जराशी खरवडा, खाली हिरवं ओलसर दिसलं तर जिवंत आहे, तपकिरी कोरडं असेल तर आणखी खाली, बुडाकडे खरवडून बघा. टोकाकडून मेलेली फांदी बुडाशी जिवंत असते कधीकधी, घाईत अख्खी कापू नका.

छाटणीचं इथेच सांगून टाकते. गुलाबाचे डोळे लाल होऊन फुगायला लागले की ती छाटणीची वेळ, बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या वर अर्धा सेंटीमीटर जागा सोडून, डोळ्याच्या उलट बाजूला उतार येईल असा तिरका काप. पण जी झुडपं वसंतात पहिल्यांदा फुलतात, लायलॅक, फॉर्सिथिया वगैरे, त्यांना आत्ता कात्री लावू नका. त्यांच्या कळ्या मागच्या उन्हाळ्यातच तयार होऊन बसलेल्या असतात, आत्ता छाटलंत तर यंदाची फुलं तुम्ही स्वतःच्या हातानं कचऱ्यात टाकलीत. ती फुलून गेल्यावर छाटायची.

आता डोळे जागे कशानं होतात हे थोडं समजून घेतलं तर फसगत कमी होते. थंड हवेतली झाडं आधी थंडी मोजतात आणि मग ऊब. साधारण ० ते ७ अंश सेल्सिअसमधले किती तास गेले याचा हिशेब त्यांच्या आत कुठेतरी चालू असतो, त्याला चिलिंग अवर्स म्हणतात, सफरचंदाच्या बऱ्याच जातींना असे ८०० ते १००० तास लागतात आणि कमी थंडीवाल्या जाती २००-३०० तासांत सुद्धा भागवतात. हा कोटा भरेपर्यंत मधेच आठवडाभर ऊन पडलं तरी झाड ढिम्म हलत नाही. खरा धोका कोटा भरल्यानंतरचा, कारण मग झाड फक्त उबेची वाट बघत असतं आणि चार उबदार दिवस आले की फसतं. ट्यूलिपच्या कंदांना पण असंच १२ ते १६ आठवडे गारवा लागतो, म्हणून उष्ण भागातले लोक ते फ्रीजमध्ये ठेवतात, फक्त फळांच्या शेजारी ठेवू नका, फळांतून इथिलीन वायू निघतो आणि कंदाच्या आतली इवलीशी कळी तिथल्या तिथे मरते. मग वर नुसती पानं येतात आणि आपण मातीला दोष देत बसतो.

माती

हवा गरम झाली की माती गरम झाली असं आपण धरून चालतो आणि इथेच निम्म्या चुका होतात. माती आळशी असते. ओली माती तर जास्तच, कारण पाणी तापायला खूप उष्णता खातं. साधा प्रोब थर्मामीटर घ्या, पाच ते दहा सेंटीमीटर आत खुपसा, मिनिट-दोन मिनिटं थांबा आणि आकडा लिहा, रोज सकाळी एकाच वेळी, एकाच जागी. दुपारी मोजलंत तर आकडा छान येतो पण तो आपल्या समाधानापुरता असतो. पाच-सात सकाळी सलग आकडा टिकला तरच तो खरा.

आकडे असे: वाटाणा, पालक, लेट्यूस ५ ते ७ अंशांना उगवायला तयार होतात, गाजर-बीट थोडं पुढे ७ ते १० ला, घेवडा, टोमॅटो १५ च्या पुढे, काकडी १५ ते १८, भेंडी-वांगी १८-२० झाल्याशिवाय नकोच. नुसतं उगवेल का हा प्रश्न पण अर्धाच आहे, कधी उगवेल हे बघा. टोमॅटोचं बी १० अंशांच्या मातीत टाकलं तर सव्वा महिना सहज घेतं, तेच २५ अंशांना आठवड्याच्या आत वर येतं. म्हणजे लवकर पेरलेलं बी थंड ओल्या मातीत कुजण्याची वाट बघत पडून राहतं आणि तीन आठवडे उशिरा पेरणारा शेजारी तुमच्या पुढे निघून जातो. मी हा शेजारी पण झालेय आणि तो दुसरा माणूस पण.

ऊब झाली की ओल बघायची. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, म्हणजे मशागतीला जोगी ओल, तोच कुंडीतल्या आणि वाफ्यातल्या मातीला लागू आहे. मूठभर माती घ्या, दाबून गोळा करा, मग अंगठ्यानं हलकेच ढकला. गोळा फुटून चुरा झाला तर वाफसा आलाय, खुरपं घाला. चिकट राहिला, हाताला लागला, नाहीतर दाबल्यावर पाणी सुटलं तर परत जा आणि दुसरं काम करा, कारण ओल्या मातीत खुरपं घातलं की तिची ढेकळं होतात आणि ती पुढचा अख्खा हंगाम तशीच राहतात. ओल्या वाफ्यात पाय तर टाकूच नका.

मातीच्या अजून दोन खुणा फुकटात मिळतात. एक, गांडुळं वर यायला लागतात आणि सकाळी मातीवर बारीक शेवयांसारख्या गुंडाळ्या दिसतात, ती त्यांची विष्ठा, ती दिसली की खालची माती जागी झाली. दोन, तण! तण बिचारं खोटं बोलत नाही, त्याला कुणी अ‍ॅप बघून पेरलेलं नसतं, ज्या वाफ्यात बारीक बारीक तणाचा हिरवा शिडकावा दिसायला लागला तिथे गारवा सोसणारी भाजी पेरायला हरकत नाही. आधी ते तण हलक्या हातानं खरवडून काढा म्हणजे झालं. कुंड्यांचा हिशेब वेगळा, त्या लवकर तापतात म्हणून बाल्कनीवाल्यांचा वसंत आधी येतो, पण रात्री त्या तितक्याच पटकन गार होतात कारण चारही बाजूंनी उघड्या असतात, त्यामुळे कुंडीतला दुपारचा आकडा बघून हुरळून जाऊ नका.

उजेड आणि पाखरं

उजेड हा एकच असा निरोप्या आहे जो कधी फसवत नाही, थंडी लांबली तरी दिवस मोठा व्हायचा राहत नाही. सगळ्यात लहान दिवस उत्तर गोलार्धात २१-२२ डिसेंबरला आणि दक्षिणेत जूनमध्ये असतो, तिथून दिवस आधी अगदी हळू वाढतो आणि मार्चच्या (दक्षिणेकडे सप्टेंबरच्या) विषुवदिनाच्या, म्हणजे दिवस-रात्र सारखे होतात त्या दिवसाच्या, आसपास सगळ्यात जोरात. ५० अक्षांशावर त्या सुमाराला रोज जवळपास ४ मिनिटं वाढतात, २० अक्षांशावर जेमतेम एखादं मिनिट, म्हणून विषुववृत्ताच्या जवळ राहणाऱ्यांना वसंत अंगावर आल्यासारखा कधी वाटतच नाही. खिडकीतून ऊन आत येतं त्या जागी जमिनीवर खडूनं रेघ मारा आणि आठ दिवसांनी त्याच वेळी परत बघा, ऊन सरकलेलं दिसतं आणि उगाचच बरं वाटतं.

घरातल्या कुंड्यांना हे आपल्या आधी कळतं. बाहेर अजून स्वेटर चालू असतो आणि आत खिडकीतल्या मनीप्लांटनं नवीन पानाची सुरळी काढलेली असते. ती सुरळी दिसली की समजायचं, आता पाणी हळूहळू वाढवायचं आणि खत परत चालू करायचं, पहिल्यांदा अर्ध्या मात्रेनं. कुंडी बदलायची असेल तर तीही आत्ताच, मुळं हलवलेली झाडाला याच दिवसांत सगळ्यात कमी जाणवतात.

मधमाश्या साधारण १० ते १२ अंशांच्या खाली फारशा बाहेर पडत नाहीत, म्हणजे दुपारी फुलावर माशी दिसली तर थर्मामीटर न बघता आकडा कळला. थंड देशांत बंबलबी या केसाळ, मोठ्या मधमाशीची राणी एकटीच जमिनीलगत नागमोडी उडताना दिसते, भोकं हुंगत, ती घरट्याला जागा शोधत असते, तिला हुसकावू नका. पक्षी गवताच्या काड्या घेऊन जायला लागतात, पहाटेचा किलबिलाट लांबतो. आणि मग येतो मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारी बारीक कीड. कोवळ्या शेंड्यावर हिरवे काळे ठिपके आणि खोडावरून वर चाललेली मुंग्यांची रांग दिसली की वसंत आलाच, याला कुणी खूण म्हणत नाही पण माझ्या बागेत ही सगळ्यात भरवशाची आहे. माव्याच्या माद्या नराशिवाय थेट पिल्लं घालतात त्यामुळे आज पाच तर पुढच्या आठवड्यात शेंडा भरलेला. सुरुवातीलाच बोटांनी चिरडा किंवा पाण्याच्या जोराच्या धारेनं उडवा, औषध शोधत बसू नका, चार दिवसांत लेडीबर्ड भुंगे येतात आणि त्यांना खायला पण काहीतरी राहू दे.

याच कारणासाठी वाळकी पानं, पोकळ काड्या एकदम झाडून काढू नका. त्यात अजून किडे झोपलेत, चांगले आणि वाईट दोन्ही. दिवसाची ऊब आठवडाभर टिकली की मग साफसफाई.

खोटा वसंत

एका वर्षी हे सगळं बघून सुद्धा मी माती खाल्ली. डोळे फुगलेले, मधमाश्या फिरताहेत, आठवडाभर अर्ध्या बाहीत वावरलो, मी टोमॅटोची सगळी रोपं बाहेर लावून टाकली. त्या संध्याकाळी आकाश इतकं निरभ्र होतं की मी मुद्दाम बाहेर उभी राहून चांदण्या बघितल्या, वारा अजिबात नाही, किती छान वाटलं होतं. तीच तर धोक्याची खूण होती! ढग नसले की जमिनीची ऊब सरळ वर निघून जाते, वारा नसला की गार हवा जड होऊन खाली साचते, आणि पहाटे रोपं उकळत्या पाण्यात बुडवून काढल्यासारखी काळपट, लिबलिबीत पडलेली. बागेच्या वरच्या अंगाला भिंतीपाशी दोन रोपं होती ती वाचली, भिंतीनं दिवसभराचं ऊन धरून ठेवलं होतं. सखल कोपऱ्यातलं एकही नाही.

तेव्हापासून माझा नियम असा: दिवस कितीही गरम असू दे, मी रात्रीचा आकडाच बघते. टोमॅटोसारखी नाजूक मंडळी रात्र सलग दहा अंशांच्या वर राहिल्याशिवाय बाहेर कायमची जात नाहीत. त्या आधी सात-दहा दिवस त्यांना सवय लावायची, पहिल्या दिवशी सावलीत तासभर, मग वाढवत न्यायचं, ऊन आणि वारा दोन्हीची सवय लागते. आणि लावून झाल्यावर थंड रात्र येणार असं कळलं तर दुपारीच मातीला पाणी द्या, ओली माती ऊब जास्त साठवते, संध्याकाळ व्हायच्या आत जुनी चादर जमिनीपर्यंत टेकेल अशी पांघरा, कारण ऊब जमिनीतून येते, वरच्या वर टोपी घालून उपयोग नाही. प्लास्टिक असेल तर पानाला टेकू देऊ नका. सकाळी ऊन आलं की काढा, नाहीतर आत शिजतील.

फळझाडांचं तर जितकं उमललेलं तितकं नाजूक. सफरचंदाचा नुकता फुगून चंदेरी दिसणारा डोळा उणे ९ अंशांपर्यंत बऱ्यापैकी तग धरतो, तेच पूर्ण उमललेलं फूल उणे २ लाच मरायला लागतं आणि उणे ४ ला बहुतेक सगळी जातात. म्हणून लवकर फुललेलं झाड बघून आनंद होतो त्याच्या मागे थोडी धाकधूक पण असते. फूल गेलं की नाही हे बघायचं तर ते उभं चिरा, मधला भाग हिरवा असेल तर वाचलं, काळा पडला असेल तर फळ येणार नाही, पाकळ्या कितीही छान दिसल्या तरी.

जिथे दव गोठण्याइतकी थंडी कधी पडतच नाही तिथे हा अध्याय सोडून द्या. तिथली खूण वेगळी असते, पानगळ आणि पालवी एकाच वेळी चालू असते, इकडे जुनी पानं पिवळी होऊन पडताहेत आणि तिकडे टोकाला तांबूस, लुसलुशीत, खाली झुकलेली पानं. नवीन माणूस घाबरतो की झाड आजारी पडलं. तो तांबडा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा, कोवळ्या पानाला उन्हापासून वाचवतो, पान जाड झालं की हिरवा येतोच. तिथे खरी काळजी वाफ्यातल्या पाण्याची, पालवी फुटताना झाड तहानलेलं असतं.

वही

हे सगळं लिहून ठेवा, नाहीतर दरवर्षी यंदा लवकर आलं ना, यंदा उशीर झाला ना एवढंच बोलत राहू. इंग्लंडमधल्या नॉरफोकमध्ये रॉबर्ट मार्शम नावाच्या गृहस्थानं १७३६ पासून पहिलं फूल, पहिलं पान, पहिला पक्षी अशा नोंदी ठेवल्या आणि त्याच्यानंतर घरच्यांनी त्या १९५८ पर्यंत चालू ठेवल्या, सव्वादोनशे वर्षं! जिनिव्हामध्ये एका चेस्टनटच्या झाडाला पहिलं पान कधी फुटलं हे १८१८ पासून लिहितात. क्योटोच्या चेरी बहराच्या नोंदी नवव्या शतकापासूनच्या आहेत, आणि २०२१ मध्ये तिथला बहर २६ मार्चला ऐन भरात आला, बाराशे वर्षांतला तोवरचा सगळ्यात लवकरचा. यातल्या कुणी काही भारी यंत्र वापरलं नाही. बघितलं आणि तारीख टाकली.

फक्त पहिलं फूल म्हणजे काय हे तुमच्यापुरतं आधी ठरवा. जपानमध्ये नमुन्याच्या झाडावर ५-६ फुलं उघडली की बहर सुरू झाला असं जाहीर करतात, एक फूल धरत नाहीत कारण एखादं वेडं फूल कधीही उमलतं. मी तीन धरते, आणि फूल उमललं म्हणजे आतले केसर दिसले पाहिजेत, नुसती पाकळी सुटलेली चालणार नाही. तारखेसोबत त्या रात्रीचं किमान तापमान आणि मातीचा आकडा लिहा, बाकी काही नाही लिहिलं तरी चालेल. हौस असेल तर ऊब मोजा: दिवसाचं कमाल अधिक किमान, भागिले दोन, त्यातून १० वजा. कमाल १८, किमान ६ तर सरासरी १२, म्हणजे त्या दिवसाची कमाई २. उणे आलं तर शून्य धरायचं. रोजची बेरीज करत गेलात की दोन-तीन वर्षांत कळतं की तुमचा गुलाब तारखेला फुलत नाही, बेरजेला फुलतो. ही उबेच्या बेरजेची कल्पना रेओम्यूर या फ्रेंच शास्त्रज्ञानं १७३५ मध्येच मांडली होती.

आणि दुसऱ्या गावच्या मैत्रिणीच्या बागेत फुलं आली म्हणून आपल्या झाडाकडे रागानं बघू नका. हॉपकिन्स नावाच्या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञानं १९१८ मध्ये ठोकताळा मांडला होता की तिकडे एक अक्षांश उत्तरेला गेलं की वसंत साधारण ४ दिवस मागे पडतो आणि ४०० फूट उंच गेलं तरी तेवढाच. सगळीकडे तंतोतंत लागू होत नाही, पण टेकडीवर राहणाऱ्याला धीर द्यायला पुरेसा आहे.

दोरा बांधताना मात्र सैल बांधा, एक बोट आत जाईल इतका. पालवी फुटल्यावर फांदी भराभर जाड होते आणि आपण फुलांच्या नादात दोरा विसरतो, मग तो सालीत काचतो. माझ्या एका गुलाबाच्या फांदीवर अजून निळ्या लोकरीचा वळ आहे, त्याच्या खालचे डोळे दरवर्षी फुटतात, वरचे नाही.